त्सिमशियन आणि आसांते : दोन मातृवंशीय समाजांची सामाजिक व आर्थिक स्थिति

१. विषयमर्यादा

त्सिमशियन लोकांची मूळ वस्ति कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, स्कीना नदीच्या खालच्या खोऱ्यांत व तिच्या दक्षिणेकडील बेटांवर आहे. त्यांच्या स्थितीची आफ्रिकेंतील समाजांशीं तुलना करावयाची तर प्रथम एक अडचण दूर केली पाहिजे. त्सिमशियन हा कांहीं सहस्र माणसांचा एक समाज आहे. आफ्रिका हें शेंकडों समाजांचें खंड आहे. एका घराची तुलना सबंध मुलखाशीं करून कांहीं निष्पन्न व्हावयाचें नाहीं. म्हणून आम्हीं आफ्रिकेंतील एकच समाज येथें घेतला आहे. तो म्हणजे पश्चिम आफ्रिकेंतील सुवर्णकिनाऱ्याच्या, आजच्या घाना देशाच्या, अरण्यप्रदेशांत राहणारा आसांते समाज. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याचें नांव आशांटी असें आढळतें.

ही निवड यदृच्छेनें केलेली नाहीं. संख्येनें व सत्तेनें आसांते कितीतरी मोठे. त्यांचें राज्य होतें, राजधानी होती, सैन्य होतें. त्सिमशियनांजवळ यांपैकीं कांहीं नव्हतें. तथापि दोघांच्याहि समाजाचा पाया एकाच प्रकारचा आहे. दोघांत कूळ आईकडून चालतें, मानाचें पद मामाकडून भाच्याकडे जातें, जमीन व्यक्तीची नसून घराण्याची किंवा पदाची मानली जाते. आणि दोघांतहि पूर्वीं सरदार, सामान्य व गुलाम असे थर होते. शिवाय सुमारें अर्ध्या शतकाच्या अवधींत दोघेहि एकाच ब्रिटिश छत्राखालीं आले. असें असून विसाव्या शतकाच्या आरंभीं एका समाजाचे शेतकरी आपल्या जमिनींत पिकविलेला माल जगास विकत होते, तर दुसऱ्या समाजाचे लोक आपल्याच नदीवर परक्यांच्या कारखान्यांत मजुरी करीत होते. हा फरक समाजरचनेंतून उत्पन्न झाला कीं राज्यकर्त्यांच्या कायद्यांतून, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. कूळ आणि घराणें

त्सिमशियनांचीं मुख्य कुळें चार : गरुड, लांडगा, डोमकावळा आणि देवमासा. एका कुळांत परस्पर विवाह निषिद्ध असल्यामुळें नवराबायको नेहमीं भिन्न कुळांचीं असत, आणि मुलें आईच्या कुळांत गणलीं जात. कुळाच्या पोटीं घराणीं असत. घराण्यास त्यांच्या भाषेंत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ घर असाच आहे. घराण्याचीं नांवें व चिन्हें, मासे धरण्याच्या जागा, फळांचीं व शिकारीचीं रानें, आणि या सर्वांवरील हक्काची उत्पत्ति सांगणारा परंपरागत इतिहास, हें सर्व मिळून घराण्याचें वतन होई. या इतिहासास ते अदाव्ख म्हणतात. एका घराण्याचा अदाव्ख दुसऱ्यानें आपला म्हणून सांगणें हा मोठा अपराध समजला जाई. घराण्याच्या मुख्याचा वारस त्याचा मुलगा नसून बहिणीचा मुलगा असे. असा भाचा लहानपणींच आईबापांचें घर सोडून मामाच्या घरीं राहावयास जाई.

आसांते हे आकान भाषासमूहापैकीं होत. त्यांच्यांतहि कुळास आईचें रक्त हेंच प्रमाण. बापाकडून मुलास न्तोरो नांवाचें आत्मतत्त्व मिळतें अशी समजूत आहे. यामुळें पित्याचें स्थान अगदींच गौण नाहीं. परंतु पद व वारसा यांचा निर्णय आईच्या कुळावरूनच होतो. पदाचें चिन्ह म्हणजे लांकडी आसन. प्रत्येक सरदाराचें आसन निराळें, आणि सर्व राष्ट्राचें एक सुवर्णासन. इ. स. १७०१ च्या सुमारास ओसेइ टुटु यानें डेंकिरा राज्याचा पाडाव करून आसांत्यांची एकी केली. त्याचा पुरोहित ओकोम्फो आनोक्ये यानें हें आसन आकाशांतून उतरविलें अशी परंपरा आहे. राष्ट्राचा आत्मा त्यांत वास करतो असें मानीत असल्यामुळें राजादेखील त्यावर बसत नाहीं. राजाच्या जोडीला राजमाता असते. ती राजाची आईच असली पाहिजे असें नाहीं. ती राजकुळांतील मुख्य स्त्री होय, आणि रिकाम्या आसनासाठीं पुरुष सुचविण्याचा अधिकार तिचा आहे.

मलबारांतील नायरांची मरुमक्कत्तायम पद्धति ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना यांत फारसें चमत्कारिक वाटणार नाहीं. लक्षांत ठेवण्याची गोष्ट इतकीच कीं, एकमेकांचें नांवहि न ऐकलेल्या या दोन समाजांनीं वारशाची व्यवस्था जवळजवळ सारखी लावली होती.

३. संपत्ति आणि तिचें प्रदर्शन

त्सिमशियन शेती करीत नसत. सामन मासा, हॅलिबट मासा व तांबडा सीडर वृक्ष हे त्यांचे जीवनाधार होते. पण व्यापाराचा मुख्य माल निराळाच होता. हिंवाळा सरतां सरतां नास नदींत ऊलिकन नांवाचा बोटभर मासा अगणित संख्येनें चढतो. तो इतका तेलकट असतो कीं वाळवून पेटविल्यास वातीसारखा जळतो. हे मासे कांहीं दिवस मुरवून, तापविलेल्या दगडांनीं उकळलेल्या पाण्यांत शिजवून, वर येणारी चरबी लांकडी पेट्यांत भरीत. थंड हवेंत ती लोण्यासारखी घट्ट होई. या पेट्या खांद्यावर घेऊन लोक डोंगरांपलीकडे जात. त्या वाटांस आजहि चरबीच्या वाटा म्हणतात. मोबदल्यांत कातडीं व केंसाळ चामडीं येत.

स्कीना नदीच्या वरच्या भागांतील गित्खसान लोकांशीं व्यापार करण्याचा मक्ता गिस्पाखलोट्स जमातीचा मुख्य लेगेक याच्याकडे होता. लेगेक हें एका पुरुषाचें नांव नसून वारशानें चालणारें पद होय. हडसन्स बे कंपनीनें १८३१ सालीं नास नदीवर फोर्ट सिम्प्सन हें ठाणें घातलें आणि १८३४ सालीं तें त्सिमशियनांच्या किनाऱ्यावर हलविलें. त्यापूर्वीं १८३२ सालीं लेगेकाच्या मुलीचा विवाह कंपनीच्या डॉक्टराशीं झाला होता. गोरे व्यापारी आल्यानें लेगेकाचा मक्ता मोडला नाहीं. उलट, वरच्या मुलखांतील चामडीं त्याच्याच हातून कंपनीकडे जात असल्यानें त्याचें महत्त्व वाढलें.

आसांत्यांची संपत्ति सोनें व कोला या फळाची होती. अरण्यांतील कोला उत्तरेकडील सालागा येथील बाजारांत जाई. तेथील मुसलमान प्रदेशांत मद्य निषिद्ध असल्यानें तरतरी देणाऱ्या या फळास मोठी मागणी असे. सोन्याची रेव हेंच चलन होतें. प्रत्येक व्यापाऱ्याजवळ स्वतःचा तराजू व पितळेचीं वजनें असत. पक्षी, मासे, ढाली, माणसें अशा आकारांचीं हीं वजनें आज जगांतील अनेक वस्तुसंग्रहालयांत आहेत. सोन्याचा गड्डा सांपडल्यास तो राजाचा समजला जाई.

संपत्तीच्या उपयोगांत मात्र दोन समाजांत महत्त्वाचा भेद दिसतो. त्सिमशियनांत नवें पद धारण करणाऱ्यानें इतर कुळांतील लोकांस बोलावून मोठी मेजवानी द्यावी, आपला अदाव्ख सांगावा, आणि जमलेल्यांस कांबळीं, चरबी, ताम्रपट्ट इत्यादि वस्तु वांटाव्या, अशी रीति होती. हीच इंग्रजी ग्रंथांतील पॉटलॅच मेजवानी. तिला केवळ उधळपट्टी समजणें चूक आहे. आमच्या इकडील जुन्या महजरांत गोताच्या साक्षीनें वतनाचा निर्णय होत असे. त्याच जातीची ही सभा होती. दान घेणारा तो साक्षीदार, आणि त्यानें दान स्वीकारणें हीच त्याची निशाणी. लेखन नसलेल्या समाजांत हेंच दप्तर होतें.

आसांत्यांतहि धनवान् पुरुष आपलें सोनें मिरवणुकीनें लोकांस दाखवी, आणि राजा प्रसन्न झाल्यास त्यास हत्तीच्या शेपटाचें मानचिन्ह व ओबिरेम्पोन ही पदवी मिळे. पण त्याच्या मृत्यूनंतर त्यानें स्वतः मिळविलेल्या सोन्याचा मोठा वांटा मृत्युकर म्हणून राजकोशांत जाई. त्सिमशियनांत संपत्ति मेजवानींतून शेजारच्या घराण्यांत पसरे; आसांत्यांत ती मध्यवर्ती सत्तेकडे परत वाहे. एक समाज राज्यावांचून राहिला आणि दुसऱ्याचें साम्राज्य झालें, याचें निदान एक कारण या भेदांत आहे असें आम्हांस वाटतें.

४. गुलामांची स्थिति

दोन्ही समाजांच्या वैभवाखालीं गुलामांचे श्रम होते हें झांकून ठेवतां कामा नये. त्सिमशियनांत युद्धांत धरलेले किंवा विकत घेतलेले लोक व त्यांची संतति गुलाम असत. त्यांना कूळ नाहीं, म्हणून नांव नाहीं, म्हणून मेजवानींत आसन नाहीं. त्यांचा जीव सरदाराच्या इच्छेवर असे, आणि मोठ्या प्रसंगीं त्यांना ठारहि मारीत. आसांत्यांत गुलाम बहुधा उत्तरेकडील मुलखांतून येत. ब्रिटिश संसदेनें १८०७ सालीं अटलांटिक महासागरावरील गुलामांचा व्यापार बंद करीपर्यंत आसांते हे त्या व्यापारांतील मोठे विक्रेते होते, आणि थोरांच्या अंत्यविधींत मनुष्यवध त्यांच्यांतहि होई.

तथापि घरांत राहिलेल्या गुलामाची पुढची गति दोन ठिकाणीं निराळी होती. आर. एस. रॅट्रे यांनीं आसांत्यांच्या कायद्यावरील १९२९ सालच्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, तेथील गुलाम विवाह करूं शके, मालमत्ता बाळगूं शके, आणि त्याचे वंशज हळूहळू धन्याच्या कुळांत मिसळून जात. दुसऱ्याचें मूळ कोणीं उघड करूं नये असा दंडकच होता. त्सिमशियनांत हा डाग सहजासहजीं जात नसे. मोठ्या राज्याला माणसें हवीं असतात व तें परक्यास आपलेंसें करतें. लहान, मानाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या समाजांत प्रत्येक पायरीचा इतिहास सर्वांस पाठ असतो.

५. परकीय सत्ता

आसांत्यांशीं इंग्रजांनीं युद्धें केलीं. १८७४ सालीं राजधानी कुमासी जाळली, ५०,००० औंस सोन्याची खंडणी तहांत लिहून घेतली, आणि १८९६ सालीं राजा प्रेम्पे यास कैद करून नेलें. पुढें त्यास सेशेल्स बेटांत ठेवलें. १९०० सालीं गव्हर्नर हॉजसन यानें सुवर्णासनाची मागणी करतांच एजिसूची राजमाता या आसांतेवा हिच्या नेतृत्वाखालीं उठाव झाला. तो मोडला, तीहि हद्दपार झाली, आणि १ जानेवारी १९०२ पासून आसांते प्रांत ब्रिटिश राज्यांत सामील झाला. पण सुवर्णासन इंग्रजांच्या हातीं लागलें नाहीं.

त्सिमशियनांवर असें युद्ध झालें नाहीं. त्यांना रोगांनीं गांठलें. १८३६ सालच्या सुमारास एक देवीची सांथ येऊन गेली होती. १८६२ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजाबरोबर देवी व्हिक्टोरिया शहरांत आली. तेथें व्यापारासाठीं उतरलेल्या उत्तरेकडील लोकांस अधिकाऱ्यांनीं हुसकून लाविलें, आणि ते आपल्या नावांतून सांथ घेऊन घरोघर गेले. त्याच वर्षीं विल्यम डंकन हा मिशनरी थोड्या अनुयायांसह फोर्ट सिम्प्सन सोडून मेटलाकाटला येथें वसाहत करावयास निघाला होता. त्या वसाहतींत मृत्यु थोडे झाले, किल्ल्याभोंवतीं पुष्कळ. नव्या धर्माकडे लोक वळले यांत या योगायोगाचा वांटा लहान नाहीं. एका पिढींत इतकीं माणसें गेल्यावर पदांना वारस मिळेनात, आणि मेजवान्यांची परंपरा दुबळी झाली. उरलेल्या मेजवान्यांवर सरकारनें १८८४ च्या कायद्यानें बंदी घातली. ती १९५१ पर्यंत चालली.

जमिनीच्या बाबतींत तर भेद याहून मोठा. सुवर्णकिनाऱ्यावर १८९७ सालीं सरकारनें पडीक जमिनींवर आपला अधिकार सांगणारें विधेयक आणलें. त्याविरुद्ध केप कोस्ट येथें मूळ रहिवाशांच्या हक्करक्षणासाठीं संस्था निघाली. जॉन मेन्सा सार्बा यांच्यासारखे आफ्रिकन कायदेपंडित पुढें आले. त्यांचा फांटी रूढींवरील कायदेग्रंथ त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. संस्थेचें शिष्टमंडळ १८९८ सालीं लंडनला गेलें आणि विधेयक सोडून द्यावें लागलें. ही लढाई किनाऱ्यावरील वसाहतीची होती. पण पुढें आसांते प्रांतांतहि जमीन सामान्यतः आसनांकडे व घराण्यांकडेच राहिली. तेथील हवा गोऱ्या शेतकऱ्यांस मानवत नसे, हेंहि कारण विसरतां येत नाहीं.

ब्रिटिश कोलंबियांत गोरे लोक कायमचे राहावयास आले होते. त्सिमशियनांशीं कोणताहि तह न करतां १८८० नंतरच्या थोड्या वर्षांत त्यांच्यासाठीं लहान लहान राखीव जागा आंखून दिल्या आणि बाकीची भूमि सरकारची मानली. १८८७ सालीं त्सिमशियन व त्यांचे शेजारी निस्गा यांचे प्रमुख व्हिक्टोरियास जाऊन मुख्य मंत्र्यांस भेटले. त्यांची तहाची मागणी मान्य झाली नाहीं. मिशनच्या जागेचा वाद विकोपास गेल्यानें त्याच वर्षीं मेटलाकाटला येथील ८०० हून अधिक लोक डंकनबरोबर अलास्कांत निघून गेले. १९२७ सालीं तर सरकारी परवानगीवांचून जमिनीच्या दाव्यासाठीं पैसा गोळा करणें हाच गुन्हा ठरला. हा निर्बंधहि १९५१ पर्यंत होता. ज्या वकिलीच्या बळावर केप कोस्टच्या लोकांनीं जमीन राखली, ती वकिली येथें कायद्यानेंच बंद केली होती.

६. कोको आणि सामन

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. टेट्टे क्वार्शी यानें १८७९ सालीं फर्नांडो पो बेटावरून कोकोचें बीं सुवर्णकिनाऱ्यास आणल्याचें सांगतात. १८९१ सालीं तेथून ८० पौंड कोको परदेशीं गेला. १९११ सालीं सुमारें ४०,००० टन, आणि त्या वर्षीं हा देश जगांतील सर्वांत मोठा कोको-उत्पादक झाला. यांत गोऱ्यांचे मळे जवळजवळ नव्हते. अक्वापिम भागांतील शेतकऱ्यांनीं मंडळ्या करून शेजारच्या मुलखांत जमिनी विकत घेतल्या. मागून आसांत्यांनीं आपल्या अरण्यांत लागवड केली. व्यापाराच्या नाड्या परकी पेढ्यांच्या हातीं होत्या हें खरें. पण त्या पेढ्यांनीं १९३७ सालीं खरेदीच्या भावाचा आपसांत करार केला, तेव्हां शेतकऱ्यांनीं माल विकण्याचें नाकारून १९३८ च्या वसंतापर्यंत बाजार अडवून धरला, आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. पीक आपल्या जमिनींत उभें होतें, म्हणूनच तें न विकण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं होतें.

स्कीना नदीच्या मुखाशीं सामन मासा डब्यांत भरण्याचा पहिला कारखाना १८७६ सालीं निघाला. माल तोच, जागा तीच, धरण्याचें कौशल्यहि त्सिमशियनांचेंच. पण समुद्र व नदी सरकारनें सार्वजनिक ठरविली होती. १८८८ च्या नियमांनीं मूळ रहिवाशांस खाण्यापुरते मासे धरण्याची मोकळीक ठेवली आणि विकण्यास परवाना लागूं केला. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला व्यापार असा एका लेखणीच्या फटकाऱ्यानें घरखर्चाची बाब होऊन बसला. पुरुष कारखानदारांच्या होड्यांवर व स्त्रिया चिनी व जपानी मजुरांबरोबर कारखान्यांत काम करूं लागल्या. कित्येकांनीं यांत चांगली कमाई केली, आणि १९३१ सालीं पोर्ट सिम्प्सन येथें मूळ रहिवाशांचा बंधुसंघ स्थापन होऊन त्यानें पुढें मच्छीमारांच्या वतीनें भावाची व वेतनाची बोलणीं केलीं. पण मजुरांचा संप आणि मालकाची अडवणूक यांत जो फरक आहे तो येथें स्पष्ट दिसतो.

आसांते हे जात्या अधिक उद्योगी होते म्हणून हें घडलें असें कोणास वाटल्यास त्यानें ओबुआसी येथील सोन्याच्या खाणीकडे पाहावें. १८९७ सालीं स्थापन झालेल्या इंग्रज कंपनीकडे १०० चौरस मैलांचा पट्टा ९० वर्षांच्या करारानें गेला. तेथें आसांते सरदारांच्या वांट्यास खंडापलीकडे फारसें आलें नाहीं. म्हणजे जेथें हक्क हातचा गेला तेथें आसांत्यांचीहि गत त्सिमशियनांसारखीच झाली.

७. आईचें कूळ आणि सरकारी कायदा

आईच्या कुळाचें पुढें काय झालें याची तुलना तितकीच उद्बोधक आहे. कॅनडाच्या कायद्यानें इंडियन कोण हें बापावरून व नवऱ्यावरून ठरविलें. परक्याशीं लग्न करणारी स्त्री आपला दर्जा गमावी व तिच्या मुलांस तो मिळत नसे. ज्या समाजांत कूळ तिच्यामुळेंच चालावयाचें, त्यांत सरकारी यादींतून तीच वगळली जाई. घराण्याच्या दृष्टीनें वारस असलेला मुलगा राखीव गांवांत राहण्यास अपात्र ठरे. हा नियम १९८५ सालीं बदलला.

सुवर्णकिनाऱ्यावर इंग्रजांनीं रूढि कायम ठेवली, आणि तेथें उलट दुःख उत्पन्न झालें. नवऱ्याच्या कोकोच्या शेतांत बायको व मुलें वर्षानुवर्षें खपत. नवरा मृत्युपत्र न करतां मेला कीं शेत त्याच्या भावाकडे किंवा भाच्याकडे जाई. अन्नधान्याच्या शेतींत ही रीति सोसण्यासारखी होती, कारण विधवा आपल्या माहेरच्या जमिनींत परत जाई. कोकोचें झाड मात्र बरींच वर्षें उत्पन्न देतें. त्यांत घातलेले श्रम उचलून माहेरीं नेतां येत नाहींत. शेवटीं घाना सरकारनें १९८५ सालींच कायदा करून स्वकष्टार्जित मिळकतींत विधवेस व मुलांस मोठा वांटा दिला. कुळाची सामाईक मिळकत त्यांतून वगळली. एकाच वर्षीं एका देशांत आईकडून येणाऱ्या हक्काची भरपाई झाली आणि दुसऱ्यांत त्याच हक्कास मर्यादा पडली. मातृवंश म्हणजे स्त्रीसत्ता असा जो समज आढळतो तो या दोन उदाहरणांनीं दूर व्हावा. मातृवंशानें स्त्रीला बहीण म्हणून मान दिला. पत्नी म्हणून तिची सोय निराळीच करावी लागली.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून आमचा निर्णय असा आहे कीं, दोन समाजांच्या आर्थिक स्थितींतील अंतर त्यांच्या कुलव्यवस्थेंतून आलें नाहीं. रोगांनीं झालेला मनुष्यक्षय, गोऱ्यांची कायम वस्ति, आणि नव्या मालाच्या मुळाशीं असलेल्या जमिनीवरील व पाण्यावरील हक्क कायद्यानें मानला गेला कीं नाहीं, या तीन गोष्टींनीं तें पाडलें. आणि त्यांतील तिसरी निर्णायक होय.

हा केवळ गतकाळचा वाद नाहीं. त्सिमशियनांच्या शेजारीं राहणाऱ्या गित्खसान व वेट्सुवेटेन लोकांच्या दाव्यांत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं ठरविलें कीं, तोंडी इतिहासास कागदी पुराव्याच्या बरोबरीनें स्थान दिलें पाहिजे. परंतु लाक्स क्वालाम्स, म्हणजे जुनें पोर्ट सिम्प्सन, येथील त्सिमशियनांनीं सर्व प्रकारचे मासे धरून विकण्याचा हक्क मागितला, तेव्हां त्याच न्यायालयानें २०११ सालीं तो नाकारला. गोरे येण्यापूर्वींचा त्यांचा व्यापार ऊलिकनच्या चरबीचा होता, इतर माशांच्या विक्रीचा नव्हे, असें कारण दिलें. अर्थात् कोणत्या पेटींत काय भरून कोणीं कोणास विकलें, हा इतिहाससंशोधकाचा प्रश्न तेथें सबंध गांवाच्या उपजीविकेचा प्रश्न झाला.

या दृष्टीनें एका साधनाचा उल्लेख करून लेख पुरा करतों. आर्थर वेलिंग्टन क्ला नांवाच्या त्सिमशियन गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारें पन्नास वर्षें इंग्रजींत रोजनिशी लिहिली. ती लंडनमधील वेलकम ग्रंथसंग्रहांत आहे. व्यापार, मेजवान्या, रोग, जमिनीचा वाद, हें सर्व एका त्सिमशियन माणसाच्या नजरेनें तींत नोंदलेलें आहे. आम्ही अस्सल कागदांचा आग्रह धरणारे लोक आहों. असा कागद एखाद्या समाजाजवळ क्वचित्‌च असतो. ज्यांच्याजवळ तो नाहीं त्यांचा अदाव्ख तितक्याच काळजीनें तपासून पुराव्यास घेणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे, हें या तुलनेवरून आमच्या मनावर विशेष ठसलें.